दोन बोटांवरची शाई

तो दिवस माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नोकरीत खून बघितले, दरोडे बघितले, कल्याण खाडीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण मतदानाच्या दिवशी अंबरनाथच्या ठाण्यात धरून आणलेला एक फिटर आणि त्याच्या डाव्या हाताची काळी नखं मला अजून जशीच्या तशी दिसतात.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहाय्यक फौजदार होऊन घरी बसलो. लिहिण्याचा सराव म्हणाल तर स्टेशन डायरी, जबाब आणि पंचनामे. हेही तसंच होईल. बायको गेली त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. बेलवलीच्या घरात दुपार सरता सरत नाही. मुलगी म्हणाली, "दादा, नुसते बसू नका, काहीतरी लिहा." म्हणून बसलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागाचे खासदार मुदत पुरी व्हायच्या आत वारले आणि दिल्लीतली त्यांची जागा रिकामी झाली. विधानसभेची निवडणूक होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. भिंतींवरची रंगवलेली चिन्हं तशीच होती. तेवढ्यात पोटनिवडणूक लागली. आमची सगळ्यांची रजा पुन्हा बंद.

मी तेव्हा हवालदार होतो. आठवडाभर उल्हासनगरला बंदोबस्त होता. तिथे एका पक्षाच्या प्रचार कार्यालयाच्या बाजूला एका सिंधी चहावाल्याचं दुकान होतं. त्याचं अर्धं आयुष्य बाकड्यावर बसलेल्यांच्या गप्पा ऐकण्यात गेलेलं. मला म्हणाला, "हवालदार साब, एक बात समझाओ. सेठ मर जाये तो गद्दी पे बेटा बैठता है. इधर भी बिठा दो किसी को, खतम. फिर से लाइन काहे को?"

बाकड्यावर एक हेडमास्तर चहा पीत होते. त्यांना निवडणुकीची ड्यूटी लागली होती आणि प्रशिक्षण घेऊन ते परत येत होते. ते म्हणाले, "शेठ, राज्यसभेची जागा रिकामी झाली तर आपले आमदार मत देऊन भरतात. लोकसभेची झाली तर तुम्ही-आम्हीच भरायची. वरून कुणाला नेमून बसवता येत नाही."

"मतलब फिर उंगली काली."

"परत काळी. पण या खेपेला मधलं बोट. तर्जनीवर मागची शाई अजून आहे ना लोकांच्या. ती बघायचीच नाही, असा लेखी हुकूम आहे."

चहावाला हसला. "अगली बार अंगूठा रखना, मास्टरजी. पूरा हाथ भर दो एक दफे में."

मतदानाच्या आदल्या दिवशी त्याच चहावाल्याने मला खुणेने दुकानाच्या मागे बोलावलं. प्रचार कार्यालयात त्याचा चहा जायचा. तो म्हणाला, "साब, अंदर एक आदमी वोटर की चिट्ठी लिखता है. अंबरनाथ साइड का है, नाम नहीं मालूम. जो लोग गाँव गये हैं, उनकी चिट्ठी अलग करके अपनी जेब में डालता है. बोलता था, पेटी खुलते ही गिरा देंगे."

मतदाराचं नाव, यादीतला नंबर लिहून घरोघर जी चिठ्ठी देतात, ती ही. गावाला गेलेल्या माणसाची चिठ्ठी घेऊन दुसऱ्याने त्याच्या नावाने मत द्यायचं. आमच्या भाषेत तोतयेगिरी. मी मोठ्या साहेबांना, म्हणजे आमच्या इन्स्पेक्टरना, खबर दिली. ते म्हणाले, "उद्या अंबरनाथला ठाणे अंमलदार म्हणून तूच बस. असला कुणी आणला की सोडायचा नाही."

इथेच माझी चूक सुरू झाली. खबर मिळाली की पोलिसाला गुन्हेगार दिसायला लागतो. समोर येणारा प्रत्येक जण तोच वाटतो.

सकाळी आठला मतदान सुरू झालं. साडेदहाच्या सुमाराला दोन शिपाई एका माणसाला दंडाला धरून घेऊन आले. पस्तिशीचा, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागे त्याची बायको जवळजवळ पळतच येत होती. सोबत केंद्राध्यक्षांची लेखी तक्रार होती. खाली सही बघितली तर तेच उल्हासनगरचे हेडमास्तर.

तक्रार अशी. हा माणूस पूर्वेकडच्या शाळेतल्या केंद्रावर मत द्यायला आला. यादीत त्याच्या नावावर आधीच खूण झालेली, म्हणजे त्याच्या नावाने मत पडलेलं. एका पक्षाचा प्रतिनिधी ओरडला, "दुसऱ्यांदा आलाय हा! बोट बघा!" बघितलं तर डाव्या तर्जनीच्या नखावर शाई. मधलं बोट कोरं.

आता कुणी म्हणेल, तर्जनीची शाई बघायचीच नव्हती ना? त्याचं कारणही तक्रारीतच होतं. मास्तरांचा शाई लावणारा माणूस वीस वर्षं निवडणुकीचं काम करत आलेला. शाईची काडी हातात आली की तर्जनी धरायची, ही त्याच्या हाताची सवय. पहिला तासभर त्याने सगळ्यांच्या तर्जनीलाच शाई लावली. नऊ वाजता झोनल अधिकारी फिरत आले, त्यांनी झापलं, तेव्हापासून मधलं बोट सुरू झालं. म्हणजे तर्जनीवर शाई असलेला माणूस सकाळी पहिल्या तासात मत देऊन गेलेला असू शकत होता. यादीतली खूणही पहिल्या तासातली.

मला तर ताटात वाढून आणल्यासारखं वाटलं.

"नाव काय? काम काय?"

"जयभीम साहेब. फिटर आहे. सरकारी कारखान्यात."

"सकाळी मत देऊन गेलास. परत कशाला आलास?"

"नाही साहेब. ही मागच्या निवडणुकीची शाई आहे. मी आज पहिल्यांदाच आलो."

"मग तुझ्या नावाने कोण देऊन गेला? भूत?"

"ते मला काय ठाऊक? तेच तर तुम्हाला शोधायचंय."

उलट बोलला म्हणून मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. खोटं कशाला सांगू. तेव्हा ते रोजचं होतं, आणि माझा हात लवकर सुटायचा. तो रडला नाही, ओरडला नाही. चष्मा सरळ केला आणि म्हणाला, "साहेब, मारा. पण पाच वाजेपर्यंत सोडा. मला मत द्यायचंय."

मी हसलो. "मत? बाबा, गुन्हा दाखल झाला की सरकारी नोकरीतून सस्पेंड होशील. मताचं काय घेऊन बसलास?"

"नोकरीचंही कळतंय साहेब. घरात खाणारी सहा तोंडं आहेत. पण गावाला काका वारले, त्यांचं पुण्यानुमोदन आहे उद्या. काल रात्रीच निघणार होतो. मतासाठी थांबलो. आता मत पण नाही आणि गाव पण नाही, असं कसं चालेल?"

तुझी जुनी शाई आहे हे दाखव, म्हणून मी त्याचा हात उजेडात धरला. काही कळेना. फिटरची बोटं. कातडीच्या रेघारेघांत वंगण बसलेलं, नखं मुळापासून टोकापर्यंत काळपट. त्यात शाई कुठली, वंगण कुठलं? त्याला कोठडीबाहेरच्या बाकावर बसवला आणि एफआयआरचं पुस्तक काढलं. जवळपास कागदावर पेन टेकवलंच होतं.

पोलीस लाईन ठाण्याच्या मागेच होती. बंदोबस्ताच्या दिवशी बायको स्वतः डबा आणून द्यायची. बारा-साडेबाराला ती मागच्या दाराने आली, पण डबा टेबलावर ठेवून गेली नाही. उभीच राहिली.

"काय?"

"बाहेर ती बाई बसलीये. तिला पाणी दिलं मी."

"मग?"

"ती म्हणते शाई मागचीच आहे."

"तिचा नवरा आहे. ती दुसरं काय म्हणणार?"

"अहो, पण ते बघता येतं की."

"काय बघता येतं?"

तिने डावा हात माझ्या एफआयआरच्या पुस्तकावरच ठेवला. "हे बघा. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातली मेंदी. हाताची कधीच गेली, नखावरची आहे. पण कुठं आहे बघा. लावली तेव्हा पार मुळाशी होती. आता अर्ध्यावर चढलीये. खालचं नख नवीन, पांढरं. नख वाढतं तशी मेंदी वर सरकते. बायकांना विचारा कुठल्याही, किती महिन्यांची मेंदी आहे ते नख बघून सांगतील."

"लग्न कधी होतं?"

"आता हे मला विचारता?" ती म्हणाली. "विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी. तुम्ही आला नाहीत म्हणून तर पक्कं लक्षात आहे. माझ्या भावांनी तीनदा विचारलं, दाजी कुठं, दाजी कुठं. मी सांगितलं, तुमचे दाजी पेट्या राखतायत."

एक शिपाई गालात हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर बाहेर गेला.

ती पुढे म्हणाली, "तेव्हाची शाई असेल तर माझ्या मेंदीएवढीच चढलेली असणार. आजची असेल तर मुळाशी असणार, कातडीवर पण असणार. त्या माणसाची नखं धुवा आधी. फटकन मारता येतं तुम्हाला, धुता येत नाही?"

मारल्याचं तिला बाहेर बसलेल्या बाईने सांगितलं असणार. मी एफआयआरचं पुस्तक मिटलं.

चहाच्या स्टोव्हसाठी ठाण्यात रॉकेल होतं. बायकोनेच घरून लिंबू, जुना दात घासायचा ब्रश आणि कपड्याचा साबण आणला. घाईत नुसतं धुऊन चाललं नसतं, उद्या कोर्टात कुणी म्हटलं असतं की पोलिसांनीच शाई घालवली. म्हणून दोन पंच बोलावले, एक औषधाचा दुकानदार आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्यासमोर फिटरने स्वतःच्या हाताने नखं घासली. पंधरा मिनिटं घासत होता. वंगण सुटलं. शाई सुटली नाही, ती सुटतच नसते.

आणि दिसलं. तर्जनीच्या नखाच्या बरोब्बर मध्यावर शाईचा पट्टा. खाली अर्धं नख स्वच्छ, गुलाबी. कातडीवर शाईचा ठिपका नाही. पोस्टमास्तर पहिल्या तासातच मत देऊन आले होते. त्यांची तर्जनी शेजारी धरली. त्यांची शाई नखाच्या मुळाशी आणि खालच्या कातडीवर, ओली वाटावी अशी. तिसरा हात माझ्या बायकोचा. तिने तो न विचारता टेबलावर ठेवला. मेंदी आणि फिटरची शाई एका रेषेत.

औषधवाला म्हणाला, "हवालदार, याला बसवून काय ठेवलंय? सोडा की."

मोठे साहेब जेवायला ठाण्यात आले होते, त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी तिन्ही हात बघितले आणि म्हणाले, "हा नाही. मग कोण? अजून चार तास आहेत. तू जा शाळेवर, इथे मी बसतो."

सायकलवरून जाताना डोकं चालायला लागलं. खरा माणूस पहिल्या तासात तोतयेगिरी करून गेला, म्हणजे त्याच्या तर्जनीला आजची ताजी शाई लागलेली असणार. पण त्याचं स्वतःचंही मत असणारच. ते त्याने नऊनंतर दिलं असेल तर त्याला कुणी अडवलं नसणार, कारण नऊनंतर तर्जनी बघायचीच नव्हती. म्हणजे दुसरी शाई मधल्या बोटाला. ज्याच्या दोन बोटांना ताजी शाई, तो आपला माणूस.

शाळेपासून लांब, नियमाप्रमाणे, पक्षांची टेबलं मांडलेली होती. तिथे चिठ्ठ्या लिहिणारे बसले होते. मी सगळ्यांना सांगितलं, "डावे हात टेबलावर." चार हात आले. एक आला नाही. चाळिशीचा माणूस, उल्हासनगरला कापडाच्या दुकानात कारकून. डावा हात खिशात घालून उजव्याने चिठ्ठी लिहीत होता. अक्षर मोत्यासारखं.

"हात काढ."

"हाताला लागलंय साहेब."

"बघू, औषध लावू."

हात निघाला. तर्जनीला ताजी शाई. मधल्या बोटाला ताजी शाई.

ठाण्यात आणला. या वेळी मी हात उचलला नाही. सकाळचं ताजं होतं. चहा मागवला, समोर बसवला.

"दोन बोटं कशी काय?"

"शाईवाल्याने चुकून लावली. आधी एका बोटाला, मग दुसऱ्या."

"किती वाजता?"

"अकराला गेलो होतो."

"नऊनंतर शाईवाला तर्जनीला हात लावत नव्हता. त्याला झोनल साहेबांनी सगळ्यांसमोर झापलंय. त्याला बोलावू का? तुझा चेहरा त्याला आठवेल."

तो चहाच्या कपाकडे बघत बसला. साय धरली तरी प्यायला नाही. मग मी त्याला जबाबासाठी थांबवून बाहेरच्या बाकावर बसवलेला फिटर दाखवला. म्हणालो, "तू देऊन गेलास त्याच्या नावाने. कानाखाली त्याने खाल्ली."

तेव्हा तो ढासळला. फिटर त्याच्याच पुढच्या गल्लीत राहायचा. नळावर त्याने बोलताना ऐकलं होतं की काकांच्या पुण्यानुमोदनाला गावाला चाललोय. त्याची चिठ्ठी घरी पोचवायच्याऐवजी याने खिशात घातली. खिशात अजून सात-आठ चिठ्ठ्या निघाल्या. म्हणाला, "साहेब, मला वाटलं तो गेला. मत वायाच जाणार होतं. वाया जाण्यापेक्षा आमच्या पक्षाला…"

बाकावरून फिटर म्हणाला, "अरे भाऊ, वाया कसलं? माझं होतं ते."

एवढंच बोलला. शिवी नाही, काही नाही. मी जबाब लिहून घेतला, पंचनामा पुरा केला, गुन्हा कारकुनावर दाखल केला. घड्याळात साडेचार होत आले होते.

फिटरला सायकलवर डबलसीट घेऊन शाळेत गेलो. हेडमास्तरांनी त्याला बापाचं नाव, घर, शेजारी असं सगळं विचारलं आणि मग त्याची माफी मागितली. सगळ्यांसमोर, उभं राहून. ज्याच्या नावाने आधीच कुणी मत दिलंय अशा खऱ्या माणसाला कायद्याने वेगळी मतपत्रिका मिळते. पण ती पेटीत जात नाही. वेगळ्या पाकिटात सील होते आणि कोर्टाने मागितल्याशिवाय मोजत नाहीत. मास्तर हे सांगायला कचरत होते. मीच सांगून टाकलं.

"म्हणजे पेटीत नाही?" फिटर म्हणाला.

"नाही."

"मग त्याने माझ्या नावाने जे दिलं, तेच मोजणार?"

"हो. पेटीत कुठली त्याची, ते आता कुणालाच कळायचं नाही."

त्याने हात पुढे केला. "द्या. पाकिटात तर पाकिटात. ही तरी माझी आहे."

शिक्का मारून, घडी घालून त्याने ती मास्तरांच्या हातात दिली. शाईवाल्याने त्याचं मधलं बोट धरलं, दोन्ही हातांनी, जपून. मी शाळेच्या व्हरांड्यात त्याला म्हणालो, "सकाळचं मनात ठेवू नकोस." माफी हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. तो म्हणाला, "ठेवलं तर गाडी चुकेल साहेब," आणि बायकोला घेऊन स्टेशनकडे निघाला.

गावाहून आल्यावर तो लाईनीत आमच्या खोलीवर आला. मला नमस्कार केला, पण आला होता बायकोसाठी. "ताई, तुमच्यामुळे नोकरी राहिली."

बायको म्हणाली, "भाऊ, बसा, चहा घ्या. मत कुणाला दिलंत ते तरी सांगा."

"ते विचारायचं नसतं, ताई."

"बघा," ती मला म्हणाली, "याला कायदा तुमच्यापेक्षा जास्त येतो."

त्या केसबद्दल मला बक्षीस मिळालं, सेवापुस्तकात शाबासकीची नोंद झाली. वरिष्ठांनी सभेत माझं नाव घेऊन सांगितलं की निरीक्षणशक्ती अशी असावी. मी सलाम ठोकला. कुणाचं निरीक्षण, ते मी सांगितलं नाही.

या केसने मला काय शिकवलं? पहिलं, खबर खरी असली तरी समोरचा माणूस तोच असेल असं नाही. नंतर नोकरीत मी कुणावर हात उचलायच्या आधी त्याचा हात नीट बघायला शिकलो. बऱ्याच वेळा उचलायची गरजच पडली नाही. दुसरं, चुका वाईट माणसंच करतात असं नाही. शाईवाल्याने वीस वर्षांच्या सवयीने केली, मी पोलिसी घाईने केली. दोघांच्या मधे एक साधा माणूस नोकरी गमावता गमावता राहिला. तिसरं, मोजलं जाणार नाही हे कळूनही जो माणूस मत देतो, त्याच्यामुळे हे सगळं चालतं. त्याचे मी उपकार मानतो. चहावाल्याचे मानतो, हेडमास्तरांचे मानतो. माझ्यासारख्या सातवी पास माणसाला या लोकांनी शहाणं केलं.

राहिलं शेवटचं. त्या दिवशी संध्याकाळी मी पंचनाम्याची प्रत घरी नेली होती. बायकोला वाचता यायचं नाही. तिने विचारलं, "यात मेंदीचं लिहिलंत का? माझं नाव आहे?"

कागदावर होतं, 'पंचांसमक्ष निरीक्षण केले असता निष्पन्न झाले.' मी तिला वाचून दाखवलं, आणि वाचताना मधे तिचं नाव घातलं, मेंदीसकट. ती खूष झाली. म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. सरकारी कागद मी आयुष्यात एकदाच खोटा वाचला.

या लेखात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. ज्यांनी चूक केली त्यांनी ती भोगली, ज्यांनी भलं केलं त्यांना नावाची हौस नव्हती. पण तिला होती. तेवढं एक नाव राहून गेलं होतं, ते आज लिहितो. फिटरची शाई जुनी आहे हे ज्यांच्यामुळे निष्पन्न झाले, त्या माझ्या पत्नी सौ. सुमन.